हर्णैच्या लिलावातलं लहान पाकट : वाल्गा, इम्ब्रिकाटा की मंजाजिए?

बंदरावरची_बाई

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना यंदा ‘आपल्या बंदरावरचे मासे’ अशी वही करायला दिली आहे. हर्णैच्या लिलावात जायचं, फोटो काढायचा, मासेवालीला नाव विचारायचं आणि घरी येऊन शास्त्रीय नाव नि तो मासा कुठून कुठपर्यंत सापडतो ते लिहायचं. बांगडा, सरंगा, सुरमई, बोंबील सगळं सुरळीत पार पडलं. पाकटापाशी, म्हणजे शेपटीत काटा असलेल्या त्या चपट्या माशापाशी, मात्र घोडं अडलं.

मोठ्या पाकटाचा प्रश्न नाही, तो जाळीदार नक्षीवरून ओळखता आला. हे लहान आहे. चकती वीतभर किंवा थोडी जास्त, वरून मातकट तपकिरी, एकही ठिपका नाही, पोट पांढरं. अशी पाकटं टोपलीत वीस-पंचवीस एकावर एक पडलेली असतात. आमच्या शाळेत एक जुनी छापील यादी आहे, तिच्यात ‘हिमांतुरा वाल्गा’ लिहिलंय. एका मुलाने मोबाइलवरच्या अ‍ॅपला फोटो दाखवला, तर उत्तर आलं ‘ब्रेव्हिट्रायगॉन इम्ब्रिकाटा’. माझी एक विद्यार्थिनी आता रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, “बाई, दोन्ही लिहू नका, आता तिसरंच नाव आलंय, मंजाजिए.”

मुलं विचारतात, मासा एक आणि नावं तीन कशी? आणि नकाशावर रंग कुठे भरायचा? एका ठिकाणी तांबड्या समुद्रापासून इंडोनेशियापर्यंत सगळं रंगवलेलं आहे, दुसरीकडे नुसता बंगालचा उपसागर. फोटो जोडला आहे. कोणी जाणकार सांगेल का?

किनारा_क्लिक

अ‍ॅपचं घ्या आणि पुढे जा. लाखो फोटोंवर शिकलेलं असतं ते. शाळेच्या वहीला एवढं पुरे.

जुना_धक्का

बाई, अ‍ॅपचं घेऊ नका. म्हणजे घ्या, पण अर्धं नाव घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी मुंबईत मासळी उतरते तिथे नोंदी करण्यात नोकरी काढली. ससून डॉक आणि भाऊचा धक्का. पहाटे बोटी लागल्या की ढिगातून जात ओळखायची, रुंदी मोजायची, नर की मादी लिहायचं. त्या ढिगांत तुमचं हे लहान पाकट कायम असायचं, आणि आमच्या नोंदवहीतही त्याचं नाव एकाहून अधिक वेळा बदललं.

आधी पत्ता लिहून घ्या. कूर्चामत्स्यांचा वर्ग, म्हणजे हाडांऐवजी कूर्चा असलेले, मुशी-मोरीचे भाऊबंद. गण मिलिओबॅटिफॉर्मिस, कुल डॅसिअ‍ॅटिडी, उपकुल युरोजिम्निनी, प्रजाती (इंग्रजीत जीनस, नावाचा पहिला शब्द) ब्रेव्हिट्रायगॉन. इथपर्यंत भांडण नाही. भांडण शेवटच्या शब्दाचं, म्हणजे जातीच्या नावाचं आहे.

इम्ब्रिकाटा हे सगळ्यात जुनं. बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लॉख जगभरातून मासे मागवून घेत. कोरोमंडल किनाऱ्यावर ट्रांकेबारला, आताच्या तरंगमबाडीला, तेव्हा डॅनिश वसाहत होती आणि तिथले मिशनरी त्यांना बाटल्या भरून मासे पाठवत. ब्लॉख १७९९ मध्ये वारले. त्यांचं राहिलेलं काम श्नायडर यांनी १८०१ मध्ये छापलं, त्यात ‘राया इम्ब्रिकाटा’ आहे. तेव्हा सगळी पाकटं ‘राया’ याच एका पोत्यात टाकत. मग १८४१ मध्ये म्युलर आणि हेन्ले या दोघा जर्मनांनी मुशी-पाकटांवर मोठा ग्रंथ पुरा केला, त्यात ‘ट्रायगॉन वाल्गा’ आलं. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी, दोन्ही बिनठिपक्यांची. वर्णन आखूड. पुढच्या माणसाने कोणतं नाव कशाला लावावं याचा घोळ तिथेच सुरू झाला, आणि दोनशे वर्षं चालला.

त्यात प्रजातीचं नावही बदलत गेलं. ट्रायगॉन झालं, डॅसिअ‍ॅटिस झालं, मग हिमांतुरा. ज्या पाकटाच्या शेपटीला खालीवर कातडीची झालर नाही ते टाक हिमांतुरात, असा कारभार होता. वीतभर पाकट आणि दीड मीटर रुंदीचं जाळीदार पाकट एकाच प्रजातीत! २०१६ मध्ये पीटर लास्ट, गॅव्हिन नेलर आणि मेबल मंजाजी-मात्सुमोतो यांनी बाह्य रचना आणि डीएनए दोन्ही बघून अख्खं डॅसिअ‍ॅटिडी कुल नव्याने मांडलं. चार उपकुलं, १९ प्रजाती. त्यात आखूड शेपटीच्या या लहान पाकटांना स्वतंत्र घर मिळालं, ब्रेव्हिट्रायगॉन. तुमची छापील यादी त्याच्या आधीची असणार, म्हणून ‘हिमांतुरा’.

आता तुमच्या विद्यार्थिनीचं तिसरं नाव. २०२३ मध्ये लास्ट, सायमन वाइगमान आणि नेलर यांनी फक्त या लहान पाकटांवर एक निबंध लिहिला. जुने मूळ नमुने, म्हणजे ज्या माशांवरून ती नावं पडली ते, पुन्हा काढून बघितले, नर, मादी आणि पिल्लू यांत किती फरक पडतो ते ताडून पाहिलं, डीएनए जोडला. निष्कर्ष असा की या प्रजातीत किमान पाच जाती आहेत. इम्ब्रिकाटा उत्तर हिंदी महासागरात, वाल्गा बंगालच्या उपसागरात, हेटेरुरा मलाय द्वीपसमूहात, जावाएन्सिस इंडोनेशियाच्या दक्षिण अंगाला, आणि पश्चिम हिंदी महासागरातली एक नवी, तिला मंजाजी बाईंच्या नावाने मंजाजिए म्हटलं.

म्हणजे तुमचा तो तांबड्या समुद्रापासून इंडोनेशियापर्यंत रंगवलेला नकाशा एका जातीचा नव्हताच. तो ‘वाल्गा’ या नावाचा नकाशा होता. ज्याने जिथे लहान तपकिरी पाकट बघितलं त्याने तिथे वाल्गा लिहिलं, आणि नकाशा काढणाऱ्याने ते सगळे ठिपके जोडून रंग भरला. आता नाव मूळ नमुन्याच्या गावाकडे परत गेलं तसा रंगही बंगालच्या उपसागरात आटला. मासा कुठे गेलेला नाही. शास्त्रीय नाव मूळ नमुन्याला बांधलेलं असतं, सातबारा गट नंबराला बांधलेला असतो तसं. शेजारच्या शेतात तेच पीक दिसलं म्हणून उतारा तिथे लागू होत नाही.

इराणच्या आखाती किनाऱ्यावरून या लहान पाकटावर बरंच लिखाण झालंय आणि तिथेही त्याला वाल्गाच म्हटलंय. ते सगळं आता नव्याने तपासायला हवं. आपल्या कोकणच्या जुन्या याद्यांनाही हाच न्याय. इकडे उतरणारं पाकट इम्ब्रिकाटा की मंजाजिए, याचा निकाल नमुना हातात घेऊन लावायचा. अरबी समुद्रातल्या पाकटाला वाल्गा म्हणायला आता आधार उरलेला नाही.

तुमच्या फोटोबद्दल: त्यात शेपटी बुडापासून छाटलेली आहे. ओळखीचा निम्मा पुरावा तिथेच गेला.

पाजपंढरीकर

काकांनी शेपटीचं लिहिलंत म्हणून सांगतो. आमच्या घरची बोट आहे. जाळं डेकवर ओतलं की खलाशी पाकट दिसताच पहिल्यांदा शेपटी उडवतो. काटा शेपटीच्या मुळाकडच्या भागात असतो, टोकाला नाही, त्यामुळे शेंडा छाटून भागत नाही, बुडाशीच सुरा लावावा लागतो. अंधारात पाय पडला की माणूस गुरासारखा ओरडतो. त्यामुळे बाई, लिलावात शेपटीसकट पाकट हवं असेल तर आधी तांडेलाला सांगून ठेवायला हवं. ढिगात शोधून मिळणार नाही.

लागलंच तर आमच्याकडे पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरतात, तास-दीड तास. इंजिनाचं गरम पाणी असतंच. किनाऱ्याला आल्यावर डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. मुलांना बंदरावर नेता तर हे सांगा. मेलेल्या पाकटाचा काटासुद्धा लागतो.

बारकं पाकट आम्हाला किनाऱ्याजवळ चिखलाच्या तळात लागतं. ट्रॉलरला जास्त, डोलीच्या जाळ्यातही येतं. भाव मिळाला तर टोपलीत, नाहीतर कुट्टीत, म्हणजे सुकवून भुकटी करायला जातं. मालवणकडे याला वागळी म्हणतात आणि तिरफळ घालून मस्त करतात. आमच्याकडे ताजं असेल तरच, कारण अर्ध्या दिवसात अमोनियाचा वास मारायला लागतो.

जुना_धक्का

पाजपंढरीकर, लाखातलं बोललात. वासाचं कारण असं की मुशी-पाकटांच्या अंगात युरिया असतो, मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. आणि गरम पाण्याचा उपाय बरोबर आहे, ते विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने नासतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास, त्यावर नको, नाहीतर विष जाईल आणि फोड येतील.

शेपटीचं पुढे सांगतो. बाई, पुढच्या वेळी तांडेलाकडून अख्खं पाकट मिळालं तर ते ओल्या फळीवर पालथं-सुलथं करून मुलांना दाखवा. वरच्या अंगाला डोळ्यांच्या लगेच मागे दोन भोकं असतात, चिखलात बसल्यावर पाणी तिथून आत ओढतं. खाली तोंड आणि कल्ल्यांच्या फटींच्या पाच जोड्या. मागे श्रोणीपरांच्या आतल्या कडेला दोन नळीसारखे अवयव लोंबत असतील तर नर. मग बोट मानेपासून मागे फिरवा. मध्यावर खरखरीत पट्टा लागेल, बारीक दातेरी खवल्यांचा. पिल्लात तो पट्टा जवळजवळ नसतो, वयाबरोबर भरत जातो. म्हणूनच जुन्या लोकांची गफलत झाली, कोणी पिल्लू बघून एक जात मांडली, कोणी मोठी मादी बघून दुसरी.

मग शेपटी. ब्रेव्हिट्रायगॉनची शेपटी चकतीच्या मानाने आखूड आणि बिनझालरीची. तुमच्या टोपलीत एखादं पाकट त्याच मापाचं, पण शेपटी चाबकासारखी लांबलचक, चकतीच्या दुपटीहून जास्त आणि काळी, नाक टोकदार, असं निघालं तर ते या घरातलं नाही. ते पॅटिओबॅटिस ब्लीकेरीचं पिल्लू असू शकतं, मोठं झालं की मीटरभर रुंद होणारं. त्याचा मूळ नमुना कलकत्त्याचा, ब्लाइथने १८६० मध्ये लिहिलेला. शेपटीवर आळीपाळीने काळे-पांढरे पट्टे दिसले तर मॅक्युलाबॅटिस. तिथेही हाच खेळ झालाय. आपल्याकडे सरसकट जेरार्डी लिहायचे, २०१६ मध्ये अरबी समुद्रातल्या एका जातीला मॅक्युलाबॅटिस अरेबिका असं वेगळं नाव मिळालं. शेपटीच्या खालच्या अंगाला रुंद झेंड्यासारखी कातडी असेल तर पॅस्टिनॅकस. बघा, सगळ्या खुणा शेपटीत, आणि तीच समुद्रात फेकून दिलेली.

म्हणून आम्ही लांबी कधी मोजली नाही. पाकटाची चकती आडवी मोजायची, एका पराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तुमच्या मुलांनीही तसंच करावं.

किनारा_क्लिक

माफ करा, पण ही नावांची उठाठेव बघून एक विचारतो. कुट्टीत जाणारा मासा. त्याच्या दोन जाती की पाच, कोळ्याला, खाणाऱ्याला, शाळेच्या मुलाला काय फरक पडतो? शास्त्रज्ञांना दर दहा वर्षांनी नाव बदलायची हौस आहे, एवढंच कळलं.

जुना_धक्का

फरक मोजणीत पडतो. पाकट वर्षाला हजारो अंडी घालत नाही. पोटात पिल्लं वाढवतं आणि मोजकीच देतं. ट्रॉलरने उपसा केला तर भरून यायला वेळ लागतो. आता समजा नकाशावर एक जात आहे, आखातापासून इंडोनेशियापर्यंत. एका कोपऱ्यात संपली तरी कागदावर ती ‘सर्वत्र आढळणारी’. तीच प्रत्यक्षात पाच असतील, आणि एकीचा मुलूख जावाच्या दक्षिण किनाऱ्याएवढाच असेल, तर तिथला उपसा म्हणजे सगळा उपसा.

जावाचंच एक उदाहरण आहे, कुल वेगळं पण पाकटच. युरोलोफस जावानिकस. १८६२ मध्ये जकार्ताच्या मासळीबाजारात एक नमुना मिळाला, तेवढाच. पुन्हा कोणालाच दिसलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ते नामशेष झाल्याचं जाहीर केलं, आणि माणसामुळे संपलेला हा पहिला सागरी मासा म्हणून त्याची नोंद झाली. ते वेगळं आहे हे कोणीतरी बाजारात ओळखून बाटलीत घातलं होतं म्हणून निदान संपलं हे तरी कळलं. नाहीतर तेही कुट्टीत गेलं असतं.

आणि हौसेचं म्हणाल, तर निळ्या ठिपक्यांच्या पाकटाचं बघा. डोळ्यांवरून काळी पट्टी असते ते. निओट्रायगॉन कुहली या एकाच नावाखाली हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतचं सगळं घातलेलं होतं. मूळ नमुना सॉलोमन बेटांतल्या वानिकोरोचा, १८४१ च्या त्याच जर्मन ग्रंथातला. नाव २०१६ मध्ये त्या बेटांपुरतं आखडलं, आणि मग आपल्याकडच्या पाकटाला नावच उरलं नाही. २०१८ मध्ये त्याला निओट्रायगॉन इंडिका म्हटलं. लिहिणाऱ्यांत भारतीय संशोधक होते, पहिले लेखक वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतले. त्यांनी मायटोकाँड्रियातल्या डीएनएचे दोन भाग आणि पाठीवरच्या ठिपक्यांची ठेवण यांवरून ते वेगळं ठरवलं. यात मला तरी हौस दिसत नाही. एवढी वर्षं आपल्या समुद्रातला मासा वानिकोरोच्या नावावर खपत होता, त्याला स्वतःचं नाव मिळालं.

अ‍ॅपचं म्हणाल तर अ‍ॅप फोटो बघतं, खरखर बघत नाही. आणि ज्या फोटोंवर ते शिकलं त्यांच्याखालची नावं जुन्या याद्यांवरून आलेली. बाकी बांगड्याला माझी हरकत नाही, खुशाल विचारा.

बंदरावरची_बाई

काका, फार उपकार झाले. मुलांना आज हा सगळा धागा वाचून दाखवला. गरम पाण्याचा भाग सगळ्यात आवडला, आणि ज्या मुलाच्या वडिलांना काटा लागला होता त्याने उभं राहून पाच मिनिटं भाषण केलं.

आता वहीत नेमकं काय लिहू? आणि एका मुलीने विचारलंय, तिचे वडील तांडेल आहेत, ते शेपटीसकट पाकट आणून द्यायला तयार आहेत. मग आपण ठरवू शकतो का, इम्ब्रिकाटा की मंजाजिए? शाळेत फॉर्मलिनची बाटली आहे, तीत ठेवू का?

जुना_धक्का

वहीत ‘ब्रेव्हिट्रायगॉन, जात निश्चित नाही’ असं लिहा. मुलांना ते कमीपणाचं वाटेल, पण धक्क्यावरच्या वह्यांत असं लिहिलेली पानं नंतर उपयोगाला आली. ज्यांनी खात्रीने वाल्गा लिहून टाकलं, त्यांच्या नोंदीतून आता काही काढता येत नाही. नकाशावर हर्णै बंदरावर एक ठिपका द्या. कोणत्या तारखेला, बोट कोणत्या बाजूला गेली होती, किती वाव पाण्यात जाळं होतं, ट्रॉल की डोल, हे त्या मुलीच्या वडिलांना विचारून शेजारी लिहा. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा पावसाळ्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक असं मिळालं तर फारच चांगलं.

फॉर्मलिनमध्ये लगेच टाकू नका. त्याने आकार छान टिकतो पण डीएनए खराब होतो. आधी पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून घ्या. तो शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा असतो, शाळेत ते मिळणार नाही, पण तांडेलाच्या घरी खडे मीठ असेल. तुकडा कोरड्या मिठात दाबून झाकणाच्या डबीत ठेवा, चालतं. खारवलेल्या मासळीतूनही डीएनए काढतात. डबीवर आणि पाकटावर एकच नंबर, पेन्सिलीने, शाईने नको, पुसली जाते. मग उरलेलं पाकट खुशाल बाटलीत. काटा तेवढा आधी पक्कडीने धरून मोडून घ्या आणि वेगळ्या पुडीत त्याच नंबराने ठेवा, मुलांच्या हाताला नको.

फोटो वरून, खालून, शेपटीचा आखूडपणा दिसेल असा एक, आणि शेजारी पट्टी. तुमची विद्यार्थिनी रत्नागिरीला आहे ना? तिला डबी घेऊन जाऊ दे, महाविद्यालयात कोणाला तरी हे हवंच असेल.

पाजपंढरीकर

बाई, त्या मुलीच्या वडिलांना सांगा, पाकट बर्फात वेगळं ठेवा, ढिगात नको. वरून दाब आला की पोट फुटतं. आमच्या बोटीलाही सांगून ठेवतो. शेपटीसकट हवं म्हटल्यावर खलाशी हसतील, पण आणतील.